एका टेबलावर

गेल्या उन्हाळ्यात इंटर्नशिपसाठी दोन महिने बेल्जियममधल्या लूव्हेनला होतो. परत आल्यापासून होस्टेलवर एकच प्रश्न, "काय रे, बिअर प्यायलास की नाही?" प्यायलो. पण सांगायचंय ते वेगळंच.

जुलैतल्या एका शुक्रवारी आमची अख्खी लॅब जेवायला निघाली. तिथे औदे मार्क्ट नावाचा चौक आहे. एकाला एक लागून इतके बार की लोक त्याला युरोपातला सर्वांत लांब बार म्हणतात. त्याच्या मागच्या गल्लीत आमचं हॉटेल. आत पाऊल टाकलं आणि गॅदरिंगच्या रात्रीची आठवण झाली. लांब लाकडी टेबलं, दाटीवाटीनं बसलेली माणसं, आजीबाई, लहान पोरं, एकाच्या पायाशी चक्क कुत्रा! सगळे एकाच वेळी बोलत होते.

मी मालवणचा, तिसऱ्या-शिणाणे खाऊनच वाढलेला. म्हणून मसल्स मागवले. माणशी एक, जवळपास किलोभराचं काळं भांडं समोर आलं. आत कांदा, सेलरी आणि पांढऱ्या वाइनमध्ये उकडलेले शिंपले. मी काटा शोधतोय तोवर शेजारच्या पिकल्या केसांच्या टेक्निशियननी एक रिकामा शिंपला उचलला आणि त्याचाच चिमटा करून दुसऱ्यातलं मांस ओढून काढलं. टूल नाही म्हणून जॉब अडत नाही, तसं! सोबत फ्राइज. बटाटा दोनदा तळतात. आधी साधारण १५० अंशांना आतून शिजेपर्यंत, मग गार करून पुन्हा १८० च्या आसपास, कुरकुरीत होईतो. थोडक्यात, हीट ट्रीटमेंट. समोरच्यांनी बिअरमध्ये शिजवलेलं बीफ घेतलं होतं. रस्सा दाट व्हावा म्हणून त्यात मोहरीची पेस्ट फासलेला ब्रेड विरघळवतात.

आता बिअर. जवळपास प्रत्येक बिअरचा ग्लास वेगळा. वेस्टमालेच्या मठात बनणाऱ्या ट्रिपलमध्ये ९.५ टक्के अल्कोहोल असतं, ती कोणी घटाघटा पीत नाही. माझी एक दोन तास पुरली. २०१६ मध्ये युनेस्कोनं बेल्जियमची बिअर संस्कृती वारशाच्या यादीत घेतली, ती काही उगाच नाही. आपल्याकडे काही मंडळी टेरेसवर, अंधारात, वॉचमन यायच्या आत बाटली 'संपवतात'. चवीचा प्रश्नच येत नाही. (महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची २१ पूर्ण लागतात आणि होस्टेलवर बंदीच आहे. मी बिअरची वकिली करत नाहीये, सरांनी कृपया नोंद घ्यावी!)

पण मनात राहिलं ते जेवणही नाही आणि बिअरही नाही. आमचे प्रोफेसर स्वतः उठून सगळ्यांचे ग्लास ट्रेमधून घेऊन आले. टेक्निशियननी त्यांना तोंडावर सांगितलं की नव्या फर्नेसचं फिक्स्चर चुकलंय. प्रोफेसरांनी फ्राइज चावत ऐकून घेतलं आणि सोमवारी ड्रॉइंग बदललं. मीसुद्धा महिनाभर पोटात ठेवलेली शंका त्या रात्री विचारून टाकली.

आता आपली मेस बघा. रांग, स्टीलचं ताट, समोर टेकवलेला मोबाइल, दहा मिनिटांत खेळ खलास. सर मेसमध्ये येतात ते इन्स्पेक्शनला. लॅबमधल्या मामांशी आपलं बोलणं "मामा, सही" एवढंच. आणि पोळ्या करणारे काका? तीन वर्षं त्यांच्या हातचं खातोय. परत आल्यावर लक्षात आलं, मला त्यांचं नावच माहीत नव्हतं. शेवटी विचारलं. लाज वाटली राव.

कोणी म्हणेल, तिकडचं तिकडे. पण पंगत तर आपलीच की! तिच्यात कोणी कुठे बसायचं हे पूर्वी ठरलेलं असायचं, तेवढं मात्र टाकून देऊ या.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. महिन्यातून एका फीस्टला रांग नको. टेबलं जोडा. सर, मामा, मेसचे काका, फर्स्ट इयर, सगळे एकत्र बसतील आणि वाढायचं फायनल इयरनं. मोबाइल दाराशी. मेन्यू तोच, पनीर आणि गुलाबजाम. जास्तीचा लागेल तो फक्त तासभर वेळ.

मेस कमिटीच्या नावे अर्ज लिहून नोटीस बोर्डाशेजारी लावलाय. पटलं तर सही करा. पेन मात्र आपलं आणा, तिथलं कालच कोणीतरी ढापलंय!