पिस्तूल कोणते, हा दुसरा प्रश्न

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत जुहू येथील घरी अभिनेते गोविंदा यांच्या पायात गोळी शिरली. हल्लेखोर कोणी नव्हता. बाहेरगावी निघण्यापूर्वी स्वतःचेच परवाना असलेले रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटले आणि गोळी सुटली, असे तेव्हा सांगण्यात आले. चार दिवस चर्चा झाली, थोडी थट्टाही झाली आणि विषय मागे पडला. स्वसंरक्षणासाठी एखादे लहान शस्त्र सतत जवळ असावे असे ज्यांना वाटते, त्यांनी मात्र ही घटना विसरू नये.

असे वाटणाऱ्यांचा आवाज वाढतो आहे. आसाम सरकारने २८ मे २०२५ रोजी संवेदनशील व दुर्गम भागांतील मूळ रहिवाशांना शस्त्र परवाने देण्याचा निर्णय घेतला, तेव्हापासून ‘राज्यच नागरिकाला शस्त्र घ्यायला सांगत असेल तर आम्ही का नको’ हा युक्तिवाद इतर राज्यांतही ऐकू येतो. त्यापुढचा प्रश्न ठरलेला असतो: पिस्तूल कोणते घ्यावे?

हा प्रश्न मुळात अमेरिकेतला आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २३ जून २०२२ रोजी न्यूयॉर्क राज्याची ‘खास कारण दाखवा’ ही अट घटनाबाह्य ठरवली आणि कपड्यांआड पिस्तूल बाळगण्याचा मार्ग आणखी प्रशस्त झाला. बाजारपेठ त्याआधीच सज्ज होती. तळहातावर मावेल इतक्या पिस्तुलात ९ मिमीची दहा काडतुसे बसवणारे सिग सॉअर कंपनीचे पी-३६५ हे २०१८ मध्ये बाजारात आले आणि रुंदी, वजन, काडतुसांची संख्या यांवरून कंपन्यांत चुरस लागली. तिथल्या ग्राहकाला निवडीचे स्वातंत्र्य आहे. त्याची किंमत तो समाज कशी मोजतो, हे वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे निवड कायद्याने आधीच करून ठेवली आहे. लष्कराची व पोलिसांची काडतुसे ज्यात बसतील, अशी ९ मिमी, .३८, .४५ किंवा .४५५ बोअरची हत्यारे सर्वसामान्य परवानाधारकाला मिळत नाहीत. उरतात ती मुख्यतः .३२ आणि .२२. परदेशी शस्त्रांची खासगी आयात गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकातच बंद झाली. त्यामुळे यादी बोटांवर मोजण्याइतकी: ईशापूरच्या कारखान्याचे ‘अशनी’ पिस्तूल, कानपूरची रिव्हॉल्व्हरे, उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात बनणारे वेब्ली अँड स्कॉटचे रिव्हॉल्व्हर, आणखी काही नावे. २०१४ मध्ये कानपूरहून ‘निर्भीक’ आले, तेही दिल्लीतील त्या अभागी तरुणीला माध्यमांनी दिलेल्या नावाची आठवण जागवत, खास स्त्रियांसाठी म्हणून. वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. रात्रपाळी संपवून बसथांब्यावर उभ्या राहणाऱ्या किती मुलींना ते परवडणार होते, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला होता. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबळ’ रिव्हॉल्व्हरची जाहिरात ५० मीटर पल्ल्याची झाली. स्वसंरक्षणाचा प्रसंग दोन-चार हातांच्या अंतरावर घडतो. ५० मीटरवर असलेल्या माणसापासून पळून जाता येते.

शस्त्र लहान म्हणजे हाताळायला सोपे, हा समज सर्वांत घातक आहे. नळी आखूड असली की नेम साधणे कठीण होते, मूठ लहान असली की पकड अपुरी पडते आणि वजन कमी असले की गोळीचा झटका हाताला अधिक जाणवतो. अनुभवी नेमबाजालाही अशा हत्याराचा वेगळा सराव करावा लागतो. दुसरी बाब रिव्हॉल्व्हरची. अनेक जुन्या बनावटीत घोडा थेट काडतुसावर टेकलेला असतो. शस्त्र पडून घोड्यावर आघात झाला तर चाप न ओढताही गोळी सुटू शकते. म्हणूनच जुने जाणकार घोड्याखालचे घर रिकामे ठेवत. नव्या बनावटीत हा आघात अडवणारी यंत्रणा असते. विकत घेताना बोअर आणि किंमत यांपेक्षा हे आधी विचारायला हवे; आपल्याकडे सहसा विचारली जाते ती मुठीवरची नक्षी.

शस्त्र नियम, २०१६ मधील एक तरतूद फारशी चर्चेत नसते. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल नेताना ते अंगावरील होल्स्टरमध्ये किंवा तत्सम पिशवीत हवे, पूर्णपणे झाकलेले हवे आणि बाळगणाऱ्याचे त्यावर नियंत्रण हवे. म्हणजे अमेरिकेत ज्या ‘झाकून बाळगण्या’साठी न्यायालयीन लढे झाले, ते आपल्याकडे परवानाधारकाचे कर्तव्य आहे. कमरेला लावलेले पिस्तूल सदऱ्याखालून मुद्दाम दिसू देणारा पुढारी हा नियम मोडत असतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि आनंदोत्सवातील गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली, ती याच दिखाऊ वृत्तीमुळे.

परवाना हा सुरक्षिततेचा दाखला नव्हे, हे महाराष्ट्राने २०२४ मध्ये पुरेपूर अनुभवले. फेब्रुवारीत उल्हासनगरच्या पोलीस ठाण्यात तत्कालीन आमदाराने गोळीबार केल्याचा गुन्हा नोंदला गेला. त्याच महिन्यात दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. वापरलेल्या पिस्तुलाचा परवाना हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या नावे होता. डिसेंबरमधील मस्साजोगच्या सरपंचहत्येनंतर बीडमधील परवान्यांची छाननी सुरू झाली, तेव्हा ते मुळात कोणाला आणि का दिले गेले, हाच प्रश्न पुढे आला. गुन्ह्यांत सापडणारी बहुसंख्य हत्यारे विनापरवाना असतात, हे खरे. म्हणून परवान्याची हत्यारे निर्धोक ठरत नाहीत.

गोव्याचे चित्र निराळे आहे. सत्तरी, सांगे, काणकोण या भागांतील कित्येक परवाने शेतरक्षणाचे. रानडुकरांपासून पीक वाचवणे ही त्या बंदुकीची खरी गरज. पिस्तुलाची हौस शहरांतली, जमिनींच्या व्यवहारांतली आहे. कोणाला धोका खरा आहे हे जिल्हाधिकाऱ्यांनी काटेकोरपणे तपासावेच. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांनी दिलेला स्वसंरक्षणाचा हक्क कोणी नाकारत नाही. पण परवाना दिल्यावर पुढे काय? अर्जासोबत प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी घेतली जाते. त्यानंतरची पाच वर्षे ते शस्त्र कुलूपबंद पेटीत आहे की साड्यांच्या घडीखाली, त्याच्या मालकाने या काळात एक तरी गोळी नेमबाजी केंद्रात झाडली का, हे विचारणारे कोणी नसते.

राज्यात २०२७ च्या आरंभी विधानसभा निवडणूक अपेक्षित आहे. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतील आणि शेतकरी नेहमीप्रमाणे, नेमक्या पिकाच्या दिवसांत बंदूक काढून घेतली म्हणून तक्रार करतील. त्या वेळी पोलीस ठाण्यात आलेली पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हरे केवळ पावती देऊन कपाटात न टाकता शस्त्रतज्ज्ञाकडून तपासून घ्यावीत: घोडा काडतुसावर टेकतो का, सुरक्षा कळ चालते का, काडतुसांचा हिशेब जुळतो का. परत देताना घरातील पेटीची पाहणी करावी. याला नवा कायदा लागणार नाही.