परदेशचा दुकानदार आणि घरचा कायदा

गांवच्या वाण्याच्या वहींत आपलें नांव असे, तें उधारीपुरतें. त्यानें वहींतली गोष्ट बाहेर फोडली, तर चार माणसांत त्याला जाब विचारतां येई; कारण तो गांवांतच राही. आज मुलीनें मोबाइलवर परदेशी दुकानांतून एखादा पोशाख मागविला, कीं तिचें नांव, पत्ता, अंगाचें माप आणि ती काय काय न्याहाळीत होती, तें सारें समुद्रापार नोंदलें जातें. हा वाणी राहतो कोठें, हेंच आपणांस ठाऊक नसतें.

कायद्याला हें कळत नाहीं असें नाहीं. युरोपीय संघाचा माहिती-संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून अंमलांत आहे. तेथील रहिवाशांस माल विकणारा बाहेरचा व्यापारीहि त्याच्या कक्षेंत येतो. आमच्या देशाच्या २०२३ च्या कायद्यानेंहि परदेशी विक्रेत्यास बांधून घेतलें असून दंडाची कमाल मर्यादा २५० कोटि रुपये ठेविली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले. मुख्य कर्तव्यांस त्यानंतर १८ महिन्यांची मुदत दिली आहे.

परंतु दंड लिहिणें निराळें आणि वसूल करणें निराळें. सप्टेंबर २०२५ मध्यें फ्रान्सच्या माहिती-आयोगानें शीइन या कपडे विकणाऱ्या कंपनीच्या आयर्लंडमधील शाखेस १५ कोटि युरो दंड केला; ग्राहकांच्या संमतीवांचून त्यांच्या यंत्रांत 'कुकी' नांवाच्या खुणा ठेविल्या जात, हा दोष. शाखा युरोपांतच असल्यामुळें कोणाच्या दारीं जावें, हा प्रश्न पडला नाहीं. उलट क्लिअरव्ह्यू ही चेहऱ्यांचीं छायाचित्रें जमविणारी अमेरिकन कंपनी पाहा. ती दुकानदार नव्हे. पण धडा तोच. २०२२ सालीं इटली, ग्रीस व फ्रान्स यांनीं तिला प्रत्येकीं २ कोटि युरो दंड केला. युरोपांत ठाणें नसलेल्या त्या कंपनीची वागणूक त्यानें बदलली नाहीं. म्हणून २०२४ मध्यें आणखी दंड करितांना नेदरलंड्सला तिच्या संचालकांसच जबाबदार धरण्याचा विचार करावा लागला.

यास्तव आमचें मत असें कीं, येथें नित्य माल विकणाऱ्या परदेशी विक्रेत्यानें येथें जबाबदार प्रतिनिधि नेमलाच पाहिजे. युरोपांत तसा नियम आहे. जो नेमणार नाहीं, त्याच्याकडे पैसे जाण्याची वाट अडवावी. वारंवार दंड झालेल्याचें दुकान येथें बंद पाडण्याचा अधिकार आमच्या कायद्यानें सरकारला दिला आहे. पण तो शेवटचा उपाय होय.

पालकांस एक विनंती. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठीं कायदा आपली संमति मागतो. न वाचतां दिलेली संमति ही संमति नव्हे. आपणच दार उघडें टाकिलें, तर पहारेकऱ्यानें तरी काय करावें?