पियानो वाजविणारी मगर

रोजरी आटोपते न आटोपते तोच मोबाइल हाती येतो आणि ‘अमुक गुप्त संघटनेने व्हॅटिकन ताब्यात घेतले’ असा निरोप क्षणार्धात साऱ्या नातलगांकडे जाऊन पोहोचतो. तो कोणी लिहिला, कशाच्या आधारे लिहिला, असे विचारणाऱ्याच्या श्रद्धेतच खोट आहे, अशी एक समजूत आमच्या कुटुंबांत दृढ होत चालली आहे. या समजुतीला आमचा विरोध आहे. आणि तो श्रद्धेच्याच वतीने आहे.

ज्यांना हे कडू वाटेल त्यांनी लिओ तक्सीलचे प्रकरण आठवावे. मार्सेयचा हा लेखक प्रथम धर्मगुरूंची टवाळी करणारी पुस्तके विकीत असे. १८८४ साली पोप लिओ तेरावे यांनी फ्रीमेसन संघटनेविरुद्ध परिपत्रक काढले. दुसऱ्याच वर्षी तक्सीलने आपण पश्चात्ताप पावून ख्रिस्तसभेत परतल्याचे जाहीर केले आणि मेसन लोकांच्या ‘सैतानपूजे’ची रसभरित वर्णने छापण्याचा सपाटा लावला. १८८७ साली पोपमहोदयांनी त्याला भेटही दिली. तो व त्याचा साथीदार यांच्या ग्रंथात सैतान मगरीच्या रूपाने पियानो वाजवितो! पाँडिचेरी व कलकत्ता येथील सैतानी विधीही त्यात आहेत. कलकत्त्याच्या एखाद्या मिशनऱ्याला चार ओळींचे पत्र टाकले असते तरी पुष्कळ उलगडा झाला असता. पण जे ऐकावेसे वाटते त्याची शहानिशा कोण करतो?

पुढे तक्सीलने डायाना व्हॉन नावाची सैतानाच्या कचाट्यातून सुटलेली स्त्री उभी केली. आमच्या कित्येक घरांत जिची प्रतिमा आहे, त्या बाळ येशूच्या संत तेरेजानेही लिझ्यूच्या मठातून तिला पत्र लिहिले; जोन ऑफ आर्कच्या वेषातील आपले छायाचित्र पाठविले. १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसमधील भरसभेत तक्सीलने सारे कुभांड असल्याचे हसत हसत सांगितले. तेच छायाचित्र तेथे पडद्यावर दाखविले गेले. आजारी तेरेजाने डायानाचे पत्र फाडून उकिरड्यावर टाकले. त्याच वर्षी ती निवर्तली.

हर्मान ग्रुबर या जेझुइट धर्मगुरूंनी मात्र कबुलीजबाबाआधीच हा बनाव असल्याचे म्हटले होते. शंका घेणारा हा माणूस झगा घातलेला होता, हे विसरू नये.

अफवेचा चटका आम्हांला ठाऊक नाही असेही नव्हे. १६ एप्रिल २०२० रोजी आमच्याच पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे चोर व मुले पळविणारे आल्याच्या अफवेने जमाव पिसाळला आणि दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची हत्या झाली. मागोमाग दुसरी अफवा उठली: यामागे मिशनरी आहेत! तेव्हा आम्ही पुरावा मागितला, आणि तो मागण्याचा आमचा हक्कच होता. मग मुसलमानांविषयी, यहुद्यांविषयी वा आपल्याच बिशपांविषयी निरोप पुढे ढकलताना तो पुरावा आम्ही स्वतःकडे का मागत नाही? आठवी आज्ञा केवळ न्यायालयातील साक्षीपुरती नाही.

तक्सील १९०७ साली वारला. अल्बर्ट पाइक या अमेरिकी मेसनच्या तोंडी त्याने घातलेले ल्युसिफरपूजेचे भाषण मात्र अजूनही खरे म्हणून फिरत आहे.