मासा कुणाचा?



अमेरिकेच्या उत्तर टोकाला अलास्का राज्य आहे. तेथील होमर या बंदरातून उन्हाळ्यात हौशी प्रवाशांना घेऊन मासेमारीच्या बोटी निघतात. बरोबर वाटाड्या कप्तान असतो. गळ, दोर, आमिष सगळे बोटीवरच मिळते. पाहुण्याने परवाना काढायचा, पैसे मोजायचे आणि गळ धरायचा. समुद्राच्या तळाशी हॅलिबट हा चपटा मासा सापडतो. त्याचे दोन्ही डोळे एकाच अंगाला असतात, आणि तो वाढला तर दोनशे किलोंच्याही वर भरतो. दुसरा सामन. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत येतो. सहल संपली की मासा कापून, गोठवून, खोक्यात भरून घरी नेता येतो.

आपले पहिले शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे आहे. म्हणून केवळ मौजेसाठी जीव घेणे मला पटत नाही. पण सुकट-बोंबलाचा वास आपल्या कितीतरी घरांना ओळखीचा आहे. ज्याची चूलच माशावर पेटते, त्याला मी कोणत्या तोंडाने उपदेश करू? पोट आणि हौस यांना एकाच तराजूत घालता येत नाही. अलास्कात मात्र हा तराजूच एकदा उलटा झाला होता.

तेथील कॉपर नदीच्या वरच्या अंगाला अहतना हे आदिवासी लोक पिढ्यान् पिढ्या सामन धरून, सुकवून हिवाळ्याची बेगमी करीत. बॅत्सुलनेटास हे त्यांचे जुने ठिकाण. 1964 साली राज्य सरकारने तेथे मासे धरण्यास बंदी केली. खालच्या अंगाला मात्र धंदेवाल्यांची आणि हौशी लोकांची मासेमारी चालूच राहिली! म्हणजे मासा वाचवायचा तो आदिवासीच्या ताटातला.

1980 साली अमेरिकेच्या संसदेने कायदा केला, की अलास्कातील केंद्र सरकारच्या जमिनींवर पोटासाठी मासे धरणाऱ्या ग्रामीण रहिवाशांना अग्रहक्क राहील. तरीही बंदी उठेना. तेव्हा केटी जॉन आणि डोरिस चार्ल्स या दोन अहतना वृद्धांनी 1985 साली कोर्टात धाव घेतली. केटीआजी तेव्हा सत्तरीच्या होत्या. 1995 साली अपील कोर्टाने त्यांच्या बाजूने कौल दिला. राज्य सरकार पुढे भांडतच राहिले. अखेर 2001 साली राज्यपाल टोनी नोल्स स्वतः आजींच्या मासेमारीच्या ठिकाणी जाऊन त्यांना भेटले, आणि सरकार पुढे अपील करणार नाही असे त्यांनी जाहीर केले. सोळा वर्षे लागली. केटीआजी 2013 साली वारल्या.

वाचताना मला महाड आठवले. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्या पाण्यावरचा आपला हक्क मुंबई हायकोर्टाने मान्य केला तो 17 मार्च 1937 रोजी. ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षे. आपला लढा अस्पृश्यतेविरुद्धचा, त्यांचा पोटाच्या हक्कासाठीचा. दोन्ही एकच म्हणता येणार नाहीत. पण सामुदायिक पाण्याच्या काठी एकाला मोकळीक आणि दुसऱ्याला मज्जाव, ही रीत मात्र ओळखीची वाटते.

मी कारकून माणूस. बंदीचा हुकूम किती सहज निघतो आणि तो मागे घ्यायला किती पावसाळे जातात, हे रोज पाहतो. म्हणून वाटते, की आपल्या तळ्याचा, नदीचा, गायरानाचा कागद निघाला तर तो वाचलाच पाहिजे. स्वतःला वाचता येत नसेल तर शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. त्यातली बंदी कुणावर आहे आणि सूट कुणाला आहे, हे आधी पाहा. अन्याय वाटला तर सत्तराव्या वर्षीही अर्ज करता येतो. केटीआजींनी केला.

जय भीम!