बंद दारामागचा पाव

१८४९ साली कोपनहेगनात तत्त्वज्ञ किर्केगार्द माणसाच्या आंतरिक निराशेवर ग्रंथ प्रसिद्ध करीत होता, त्याच वर्षी मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांचे सोबती परमहंस सभा स्थापून, कवाडे लावून घेऊन, ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खाऊन जातिभेदाशी फारकत घेत होते; मात्र ही फारकत दप्तरी लागू नये, याची तजवीज त्यांनी चोख ठेविली होती. पुढे १८६०च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटली आणि सभा विस्कटली. त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. आम्हांस मात्र त्या भयातच खरी धर्मजिज्ञासा दिसते, कारण बुद्धीला जे पटले ते आचरण्याचे मोल ज्याचे त्याला एकट्यानेच मोजावे लागते, तेथे तर्कशास्त्र जामीन राहत नाही.

१८६७ साली दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी प्रार्थना समाज काढला, तो राजरोस. गिरगावातील प्रार्थनामंदिराशी न्यायमूर्ती रानडे आणि संस्कृत पंडित भांडारकर ही नावे कायमची जोडली गेली. त्यांपैकी भांडारकर तर पोथ्यांचा कालनिर्णय करताना कोणाचीही गय न करणारे! अवतार आणि मूर्ती नाकारून तुकोबांचे अभंग मात्र ठेवून घेण्याचा प्रार्थना समाजाचा हा व्यवहार विवेकाला कितपत मंजूर व्हावा, याची झडती प्रस्तुत अंकातील लेखकांनी परस्परांची भीड न बाळगता घेतली आहे.