‘कसंतरीच’ला नाव हवे

मोताळ्याच्या एका अंगणवाडीत गोष्ट सांगून झाली की मी मुलांना विचारते, ‘‘त्याला काय वाटलं असेल?’’ सुरुवातीला एकच उत्तर यायचे, ‘‘कसंतरीच.’’ एका आजीने तर मला सुनावले, ‘‘ताई, लेकरायले अक्षरं शिकवा. रडनं-फुगनं त्यायले येतेच!’’

रडणे येते, पण का रडू आले ते सांगता येत नाही. ते शिकवावे लागते. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’त पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई मारते. तो प्रसंग सोपा करून सांगितला. एक मुलगा म्हणाला, ‘‘श्याम भेला.’’ एक मुलगी म्हणाली, ‘‘मायले बी भेव वाटलं असन, लोक हासतीन म्हून.’’

आपल्याकडे मुलाने भ्यायचे नाही आणि मुलीने रागवायचे नाही. मुलगा मोठा होऊन भीती आणि अपमानही रागानेच दाखवतो, हात उचलतो. मुलगी राग गिळते आणि ‘डोके दुखते’ एवढेच सांगते. नकोसा स्पर्श झालेल्या लहानग्या मुलीजवळ ‘मला भीती वाटली’ हे शब्दच नसतील, तर ती आईला काय सांगणार?

याच जिल्ह्यातल्या, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून बाईचा राग शब्दांत मांडला. आपल्या लेकींना तो शब्द उच्चारायला आपण अजून किती वर्षे लावणार?

मैत्रिणींनो, आज रात्री गोष्ट सांगाल तेव्हा तात्पर्य राहू द्या. ‘‘तिला काय वाटलं?’’ एवढे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.