पायातली चिठ्ठी

बुऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात माझ्या एका जुन्या स्नेह्याचं घर आहे. माडीच्या जिन्याशी, विजेच्या मीटरशेजारी, फळीवर एक ससा बसलेला आहे. पेंढा भरलेला. डावा डोळा काचेचा, अजून शाबूत. उजव्या डोळ्याच्या जागी कुणीतरी शर्टाचं काळं बटण शिवलंय. कानाची कड कसरीनं खाल्लीय आणि पोटाच्या शिवणीतून पिवळा भुसा डोकावतो. शेजारी पूर्वी एक तितर होता. दिवाळीच्या आवराआवरीत त्याचं मुंडकं निखळलं, म्हणून तो उकिरड्यावर गेला. सशाबद्दल घरात कुणालाही विचारा, उत्तर एकच. आजोबांनी मारलेला. कुठे? इकडेच, जंगलात. कधी? पूर्वी.

शिकारीचा षौक या गावाला नवा नाही. तापीपलीकडे जैनाबादेत आहूखाना आहे. आहू म्हणजे फारसीत हरिण. मोगलांनी हरणं राखलेली ही बाग. १६३१ मध्ये मुमताज महल बुऱ्हाणपुरात वारली, तेव्हा तिचं पहिलं दफन इथेच झालं, ताजमहाल नंतरचा. त्याच्या आधी, १६०५ मध्ये, अकबराचा मुलगा दानियाल याच शहरात दारूपायी गेला. बापानं दारू तोडली, तर या पठ्ठ्यानं आपल्या लाडक्या शिकारी बंदुकीच्या नळीतून ती चोरून आणवली. नळीतला गंज दारूत उतरला आणि त्यानं तो मेला, असं त्याच्या भावानं, जहांगीरनं, आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

जहांगीर स्वतः हिशेबाचा पक्का. बारा वर्षांचा असल्यापासून पन्नाशीपर्यंत आपल्या समोर किती जनावरं मेली, हे त्यानं कारकुनांकडून काढवलं. एकूण २८,५३२. त्यातली स्वतःच्या हातची १७,१६७, आणि त्यांत १०,३४८ नुसती कबुतरं! वाघाबरोबर कबुतराचीही नोंद. म्हणजे बादशहाकडे खातं आहे, पाखरू नाही. माझ्या स्नेह्याकडे ससा आहे, खातं नाही. दोन्ही एकत्र असली की काय घडतं, त्याचं उदाहरण आपल्याच सातपुड्यातलं आहे, आणि म्हणून आजचा हा स्तंभ.

रानपिंगळा. आपल्याकडे घराच्या वळचणीला, चिंचेच्या ढोलीत दिसतो तो साधा पिंगळा; रानपिंगळा त्याचा जंगलातला भाऊबंद. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, पंखांवर नि शेपटीवर ठळक पट्टे, पंजे अंगाच्या मानानं दांडगे, आणि भर दिवसा निष्पर्ण फांदीवर बसून सरड्यांवर नजर ठेवणारा. १८७३ मध्ये ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमनं त्याचं वर्णन शास्त्राला सांगितलं. हो, काँग्रेस स्थापन करणारा तोच ह्यूम. त्याच्या संग्रहातले, कातडी नि अंडी धरून, ८२ हजारांच्या आसपास नमुने १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे गेले. पुढे जेम्स डेव्हिडसन नावाच्या सनदी अधिकाऱ्यानं खानदेशात, शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात, आणखी काही रानपिंगळे टिपले. शेवटचा १८८४ मध्ये. त्यानंतर पक्षी गायब. जगभरच्या संग्रहालयांत मिळून त्याची सात कातडी उरली.

पक्षी सोलायची रीत ऐकायला क्रूर वाटते, पण काम बारीक हाताचं आहे. छातीपासून खाली एक सरळ चीर. पिसांना रक्त लागू नये म्हणून भुसा किंवा पीठ भुरभुरत राहायचं. मग हातमोजा उलटा करावा तसं कातडं मानेपर्यंत उलटवत न्यायचं. कवटी, पंखांची नि पायांची हाडं आतच राहू द्यायची, मेंदू मागच्या बाजूनं कोरून काढायचा, आतून सोमल चोळायचा, कापूस भरायचा, टाके घालायचे. (म्हणूनच घरातल्या जुन्या पेंढ्याच्या जनावरांना पोरांना हात लावू देऊ नये. कीड लागू नये म्हणून त्या काळी सर्रास सोमल वापरत.) संग्रहालयातला पक्षी फांदीवर ऐटीत बसवत नाहीत. पंख मिटून, डोळ्यांत कापसाचे बोळे घेऊन तो लाकडी खणात उताणा पडलेला असतो. जिन्याजवळच्या सशापुढे अगदीच गबाळा. पण त्याच्या पायाला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली असते. गाव, तारीख, नर की मादी, मारला कुणी. सगळी किंमत त्या चिठ्ठीची.

आणि चिठ्ठी किती खोटं बोलू शकते, तेही याच पक्ष्यानं दाखवलं. सातांपैकी एका कातड्यावर लिहिलं होतं, मांडवी, १९१४. ही मांडवी गुजरातेतली, आपल्याच तापीच्या काठची. मारणारा कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन, इंग्रजांचा नावाजलेला पक्षीतज्ज्ञ. साहेबाच्या शब्दावर शंका कोण घेणार? मांडवीच्या बाजूला शोधणाऱ्यांच्या हाती मात्र काही लागलं नाही. १९९०च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकी बाईंनी माइनर्ट्झहागेनचा संग्रहच तपासायला घेतला. क्ष-किरणांत दिसलं की मांडवीचा हा पिंगळा आतून डेव्हिडसनच्या हातचा आहे. भरायची पद्धत त्याची. कर्नलसाहेबांनी म्युझियममधून डेव्हिडसनचं कातडं लांबवलं होतं, उसवून नव्या कापसानं पुन्हा भरलं होतं आणि पायात स्वतःच्या नावाची चिठ्ठी बांधली होती. कापसाच्या धाग्यांची तपासणी तर अमेरिकेच्या एफबीआयच्या प्रयोगशाळेनं केली. एका वीतभर पाखरासाठी!

मांडवी बाद झाली, तेव्हा खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावं उरली. रासमुसेनबाई आणि त्यांचे साथीदार बेन किंग नि डेव्हिड ॲबट आधी पूर्वेकडे, आताच्या छत्तीसगडात फिरले. तिथे काही नाही. मग ते शहाद्याला आले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये एका उघड्या फांदीवर रानपिंगळा समोर बसलेला. ११३ वर्षांनी. मग तो तोरणमाळला दिसला, मेळघाटात दिसला आणि आमच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या खकनारच्या जंगलातही सापडला. एवढी वर्षं तो इथेच होता.

आता मुद्द्यावर येतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचा नि कातड्या-शिंगांचा बाजार उठवला, ते उत्तम झालं. २००३ मध्ये सरकारनं घराघरांतल्या अशा जुन्या वस्तू जाहीर करायला १८० दिवस दिले. ज्यांना कळलं त्यांनी काळविटाची शिंगं, बिबट्याची कातडी नोंदवली, प्रमाणपत्र घेतलं. ज्यांना कळलं नाही त्यांच्यातल्या काहींनी घाबरून रात्री तापीत सोडली, काहींनी परसात जाळली; असे किस्से मी एकाहून अधिक घरांत ऐकलेत. २०२२च्या दुरुस्तीनं वस्तू सरकारजमा करायची सोय केली, पण तीही प्रमाणपत्र असलेल्यांनाच. उलट परदेशी पोपट नि इग्वाना पाळणाऱ्या हौशी मंडळींना २०२० मध्ये केंद्रानं सहा महिन्यांची माफीची मुदत दिली. कसली चौकशी नाही, नुसतं जाहीर करा. इग्वानाला जी मुभा मिळते, ती सातपुड्यातल्या काळविटाच्या शिंगांना का नसावी?

वनखात्यातले लोक म्हणतील, असं दार उघडलं की ताजी शिकारही जुनी म्हणून आत येईल. भीती खोटी नाही. पण शंभरावर वर्षांपूर्वीचे टाके कुणाच्या हातचे हे जर ओळखता येतं, तर गेल्या वर्षीचं कातडं आणि साठ वर्षांपूर्वीचं यांतला फरक नक्कीच ओळखता येईल. हे काम जाणणारी माणसं आपल्याकडे आहेत. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ पासून डॉ. संतोष गायकवाड मेलेल्या वाघ-बिबट्यांची कातडी रीतसर परवानगीनं घडवताहेत. माझी मागणी फार मोठी नाही. जिल्ह्याजिल्ह्यात एकदा, ठरावीक मुदतीत, जुन्या वस्तू सरकारनं स्वीकाराव्यात. मोबदला नको, मालकी नको, खटला नको. देणाऱ्यानं फक्त जागा आणि साल सांगायचं, आणि ते लिहून घ्यायचं. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुठल्या नाल्यावर काळवीट होतं, कुठल्या माळावर माळढोक होता, हे आता कुठल्याच दप्तरात मिळायचं नाही. ते म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे, आणि म्हातारी माणसं दर हिवाळ्यात कमी होताहेत.

मागच्या रविवारी पुन्हा राजपुऱ्यात गेलो होतो. स्नेह्याच्या थोरल्या काकू, नव्वदीला टेकलेल्या, जिन्याखाली उन्हाला बसल्या होत्या. सशाबद्दल त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी विचारलं.

"हा ना? डोईफोड्याच्या अंगाला, नाल्यावर मारलेला. मामंजींनी. मी नवीन होते घरात. दोन मारले होते, एकाचं कालवण केलं, हा मुंबईहून भरून आणवला."

साल?

"नेपाच्या कारखान्याला पंडितजी आलेले ना, त्याच्या आधीची थंडी. का नंतरची? थांब रे, आठवते."

नेहरू नेपानगरला आले ते १९५६ मध्ये. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर मी लिहिलं, ससा, डोईफोड्याजवळचा नाला, हिवाळा, १९५५ किंवा ५६. स्नेह्यानं ती चिठ्ठी सुतळीनं सशाच्या मागच्या पायाला बांधली. काकूंना नक्की आठवलं की एक आकडा खोडायचा आहे.